फोटो आपला, माणूस भलताच : खोट्या प्रोफाइलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. विजेचं बिल, पॅन कार्ड, कॉलेजचे फॉर्म, झेरॉक्स. हल्ली त्यात एका वेगळ्या गिऱ्हाइकाची भर पडली आहे : मोबाइल काउंटरवर ठेवून "माझं फेसबुक हॅक झालंय, जरा बघता का?" म्हणणारं. तेच ते प्रश्न रोज तोंडी सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतो.

हॅक झालं म्हणून पासवर्ड बदलला. तरी माझ्या नावाने लोकांना पैशांचे मेसेज जातातच. असं कसं?

कारण बहुतेक वेळा काही हॅक झालेलंच नसतं. तुमच्या घराचं कुलूप कोणी फोडलेलं नाही, पलीकडच्या गल्लीत तुमच्या नावाची पाटी लावून कोणीतरी दुसरं घर थाटलंय. तुमचा डीपी, कव्हर फोटो, गाव, शाळा हे सगळं उघडं असतं. ते उतरवून नवं अकाउंट काढायला पाच मिनिटं पुरतात. मग तुमची मित्रयादी उघडायची आणि एकेकाला रिक्वेस्ट पाठवायची, बस.

फरक ओळखायचा असा. तुमच्याच खात्यातून, तुम्ही न लिहिलेले मेसेज गेलेले तुम्हाला दिसतात का? लॉगिनच्या यादीत अनोळखी फोन किंवा गाव आहे का? पासवर्ड चालेनासा झाला का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर खातं हॅक झालं असण्याची शक्यता मोठी : पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय) लावा. तिन्ही उत्तरं नाही असतील तर ती नक्कल आहे, आणि नकलेवर पासवर्ड बदलून काडीचाही उपयोग नाही. तिथे रिपोर्टच करावा लागतो.

मित्राला ते प्रोफाइल दिसतं, मला मात्र शोधूनही सापडत नाही.

नक्कल करणारा पहिली गोष्ट ती करतो : खऱ्या माणसाला ब्लॉक करतो. म्हणून ज्याच्या नावावर धंदा चाललाय त्यालाच तो शेवटी कळतो. मित्राला त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून पाठवायला सांगा. लोक स्क्रीनशॉट पाठवतात आणि तिथेच थांबतात. त्या नावाची पन्नास खाती असतात, नुसत्या चित्रावरून नेमकं कुठलं ते कोणालाच कळत नाही.

खोटं प्रोफाइल ओळखायचं कसं?

याला एकच एक खूण नाही. नवं खातं, मोजकेच फोटो, तेही एकाच दिवशी टाकलेले, आणि ज्याच्याशी तुमची आधीच मैत्री आहे त्याचीच पुन्हा रिक्वेस्ट. ही शेवटची खूण सगळ्यात पक्की. रिक्वेस्ट स्वीकारण्याआधी आपल्या यादीत ते नाव शोधा. आधीपासून असेल तर त्याला फोन करून विचारा.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांमागे 'या खात्याविषयी' असा भाग असतो. खातं कधी उघडलं आणि कुठल्या देशातून चालतं हे बऱ्याच खात्यांच्या बाबतीत तिथे दिसतं. फेसबुकच्या पेजवर 'पेज ट्रान्सपरन्सी' बघा. पेज कधी तयार झालं, आधी त्याचं नाव काय होतं, हे तिथे कळतं. काल 'मोबाइल कव्हर सेल' असलेलं पेज आज देवस्थानच्या नावाने देणगी मागत असेल तर आणखी पुरावा कशाला हवा? अनोळखी माणसाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच चेहरा तीन नावांनी सापडला की विषय संपला. काही सापडलं नाही म्हणून मात्र माणूस खरा ठरत नाही. चेहरे आता यंत्रही बनवतं.

यूजरनेम अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजीतला मोठा आय आणि लहान एल पडद्यावर सारखेच दिसतात. लहान आर आणि एन चिकटले की एमसारखे वाटतात. एखादा जादा ठिपका किंवा खालची रेघ सहज निसटते. वर दिसणारं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, खरी ओळख यूजरनेममध्ये किंवा लिंकमधल्या लांब आकड्यात असते.

पण आपल्याकडे सगळ्यात उपयोगी पडते ती भाषा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माझ्या काकीच्या नावाने मला मेसेज आला : "हाय, हाऊ आर यू, अर्जंट आठ हजार चाहिए, शामको वापस." काकी म्हार्दोळची. जन्मात मला 'हाय' म्हणालेली नाही. मी कोकणीत लिहिलं, "आज नुस्तें कितें हाडलें गो?" (आज मासे काय आणले गं?) पलीकडे पाच मिनिटं शांतता, मग एक अंगठा. काकीला विचारलं असतं तर बाजारातल्या बांगड्याच्या भावापासून सुरुवात झाली असती! अर्थात भाषांतर करून देणारी यंत्रं सुधारतायत, त्यामुळे या परीक्षेवर एकटीवर विसंबू नका. पैशांचा विषय निघाला की नेहमीच्या नंबरवर फोन लावायचा. मेसेजमधून आलेल्या नव्या नंबरवर नव्हे. आवाज ओळखीचा वाटला तरी ज्याचं उत्तर घरच्यांनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं, कारण आवाजाचीही आता नक्कल होते.

निळी टिक आहे म्हणजे खरंच ना?

नाही. ही टिक आता महिन्याचे पैसे भरून मिळते. भारतात ट्विटरने (आताचं एक्स) आणि मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी), दोघांनीही २०२३ मध्ये हे सुरू केलं. मेटा त्यासाठी ओळखपत्र बघतं, त्यामुळे नावापुरता थोडा आधार. पण समोरचा प्रामाणिक आहे याची हमी टिक देत नाही.

"मी नेव्हीत आहे, वास्कोहून बदली झाली, फर्निचर स्वस्तात देतो." हे खरं असू शकतं का?

असूही शकतं, वास्कोत नेव्हीची माणसं राहतात आणि बदल्याही होतात. म्हणूनच हे सोंग आपल्याकडे खपतं. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कधी तुमच्याच एखाद्या मित्राच्या खोट्या खात्यातून 'हा माझा दोस्त' म्हणून ओळख. मग फ्रिज, सोफा, स्कूटर निम्म्या किमतीत, आणि माल बघायच्या आधी ट्रान्सपोर्टचे पैसे. उत्तर एकच : "मी स्वतः येऊन बघतो, पैसे तिथेच देतो." खरा विकणारा पत्ता देईल. खोट्याची तेवढ्यात पोस्टिंग बदलते.

आपल्याकडे चालणारे आणखी दोन प्रकार इथेच सांगून टाकतो. एक, क्रूझवरच्या नोकरीचा. बोटीवर जाणारी माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत, त्यामुळे 'एचआर मॅनेजर'च्या प्रोफाइलवर पोरं चटकन विश्वास ठेवतात. जहाजावर माणसं भरणाऱ्या एजन्सीला डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगचा परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरीसाठी दलाली घ्यायला नियमाने मनाई आहे. आखातातल्या किंवा इतर परदेशी नोकरीचा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तपासा. दुसरा, परदेशी मित्र किंवा होणारा नवरा, "दाबोळीला उतरलोय, कस्टमने धरलंय" असं सांगणारा. मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाल्यापासून कधी दाबोळी, कधी मोपा, एवढाच फरक. कस्टम खातं कोणाच्या खासगी यूपीआयवर पैसे घेत नाही.

आमच्या होमस्टेचे फोटो वापरून कोणीतरी पेज काढलंय. पर्यटक बॅगा घेऊन गेटवर येतात आणि आमच्याशी भांडतात.

यात तुम्ही आणि ते पर्यटक, दोघेही फसलेले असता, हे आधी त्यांना शांतपणे सांगा. त्यांच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या : पेजची लिंक, फोन नंबर, आणि पैसे ज्या यूपीआयवर किंवा खात्यात गेले त्याची पावती. त्यांना तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा. पैसे त्यांचे गेलेत, ती तक्रार त्यांनीच करायची.

तुमच्या बाजूने पेज रिपोर्ट करताना 'व्यवसायाचं सोंग' हा पर्याय निवडा. फोटो तुम्हीच काढलेले असतील तर कॉपीराइटची वेगळी तक्रार करा. ती वेगळ्या खिडकीत जाते आणि माझ्या अनुभवाने तिचा निकाल लवकर लागतो. पर्यटन व्यवसायाची नोंदणी गोव्यात १९८२ च्या कायद्याने सक्तीची आहे. तुमचा नोंदणी क्रमांक स्वतःच्या पेजवर ठळक टाका आणि बुकिंग फक्त कुठल्या नंबरवर होतं तेही. नकली पेजवाला ते पुसूनच फोटो वापरेल, पण चौकस पर्यटकाला तुलना करायला काहीतरी राहतं.

रिपोर्ट करण्याआधी काय करायचं?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. विचारायला हवा, म्हणून मीच घालतो. लोक घाईने रिपोर्ट मारतात, ब्लॉक करतात, चॅट पुसतात आणि मग पोलिसांकडे जायचं म्हटल्यावर हातात काहीच नसतं.

आधी लिंक कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवा. मग स्क्रीनशॉट : प्रोफाइलचं पहिलं पान, यूजरनेम दिसेल असं. वापरलेले फोटो. मेसेज, तारीख-वेळ दिसेल असे. पैसे गेले असतील तर यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (ओळख) क्रमांक. चॅट पुसू नका आणि शक्यतो तो फोन फॉरमॅटही करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन शाबूत असला की ते सोपं जातं.

खातं उडालं म्हणजे पुरावा कायमचा गेला असंही नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि खात्याची नोंदणीची माहिती कंपनीला १८० दिवस जपून ठेवावी लागते. पण ती मागायला पोलिसांना नेमकी लिंक लागते. पुन्हा तीच लिंक.

आता रिपोर्ट कसा मारायचा?

फेसबुकवर त्या प्रोफाइलवरचे तीन ठिपके, मग रिपोर्ट, मग 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' या अर्थाचा पर्याय. पुढे कोणाचं ते विचारतात : माझं, मित्राचं की प्रसिद्ध व्यक्तीचं. मित्राचं असेल तर त्याचं खरं खातं निवडून दाखवा. 'स्पॅम' किंवा 'मला आवडत नाही' असलं काही दाबू नका, तक्रार भलत्या रांगेत जाऊन बसते.

इन्स्टाग्रामवर वाट तशीच आहे, पण तिथे ज्याचं सोंग घेतलंय त्याने स्वतः, किंवा अल्पवयीन असेल तर पालकांनी केलेली तक्रार महत्त्वाची. तुमचं खातंच नसलं तरी अडत नाही. दोन्हींच्या मदत विभागात बिनखातेवाल्यांसाठी अर्ज आहे. सोबत ओळखपत्राचा फोटो मागतात. आधार द्यावंच लागलं तर मास्क केलेलं (सुरुवातीचे आकडे झाकलेलं) द्या, नाहीतर दुसरं ओळखपत्र बरं.

व्हॉट्सअॅपवर कोणी तुमचा डीपी लावून "नंबर बदलला" म्हणत फिरत असेल तर ज्याला मेसेज आला त्याने चॅटमधून रिपोर्ट करायचा. शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याची खूण आपोआप लागलेली असेल तर ती काढा, स्क्रीनशॉट आधी घ्या.

सगळ्या गावाने मिळून रिपोर्ट मारला तर लवकर जातं का?

नाही. आकड्याने निर्णय होत नाही असं मेटा स्वतःच सांगतं. योग्य माणसाची, योग्य पर्यायाखालची एक तक्रार पुरते. गावाने करायचं काम वेगळं : ती रिक्वेस्ट स्वीकारलेली असेल तर काढून टाकायची.

"नियमभंग आढळला नाही" असं उत्तर आलं. आता?

मलाही आलं होतं, काकीच्याच बाबतीत. काकीचा चेहरा, काकीचं नाव, काकीच्या अंगणातली तुळस, आणि यंत्र म्हणतं सगळं ठीक. दोन दिवस चिडून काढले, मग पुढची पायरी शोधली.

प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि ईमेल त्यांच्या साइटवर असतो. ही तक्रार तीन ठिपक्यांमागच्या रिपोर्टपेक्षा वेगळी, कारण तिला कायद्याचं घड्याळ लागू होतं. २०२१ चे नियम आले तेव्हाच त्यांत असं घातलं गेलं की दुसऱ्याचं सोंग, मॉर्फ केलेला फोटो किंवा नग्नता असेल तर ज्याचा तो विषय आहे त्याच्या, किंवा त्याच्या वतीने आलेल्या तक्रारीवर २४ तासांत हालचाल व्हायला हवी. ईमेलमध्ये नियम ३(२)(ख) चा उल्लेख करा. लिंक, स्क्रीनशॉट आणि आधीच्या रिपोर्टचं उत्तर जोडा. मोठी कहाणी नको, चार ओळी पुरे.

तिथेही दाद लागली नाही तर केंद्र सरकारची ग्रिव्हन्स अपेलेट कमिटी आहे. २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. कंपनीच्या निर्णयानंतर ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. काकीचं काम ईमेलवरच भागलं, त्यामुळे तिथवर जायची वेळ आली नाही.

पैसे घेऊन अकाउंट उडवून देणारे असतात म्हणे?

असतात. तेही खोटे प्रोफाइलवालेच.

पोलिसांकडे कधी जायचं, आणि कुठे?

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३०. स्टेशनला जायचं, भावाला विचारायचं, बँकेत रांग लावायची, हे सगळं नंतर. या नंबरवरून पैसे पुढच्या खात्यात अडवण्याचा प्रयत्न होतो आणि त्यात मिनिटं मोजली जातात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, पुढे-पुढे सरकवत राहतात.

पैसे गेले नसले तरी धमकी, ब्लॅकमेल, अश्लील फोटो, बदनामी यांपैकी काही असेल तर थांबू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते. मिळालेला पोचक्रमांक लिहून ठेवा. महिला आणि मुलांच्या लैंगिक मजकुराविषयीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. गोवा पोलिसांचं सायबर क्राइम पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. पण काणकोण किंवा पेडण्याहून तिथवर धावायलाच हवं असं नाही, तक्रार जवळच्या स्टेशनवरही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवलं तर हे कलम नम्रपणे सांगा.

जाताना कागदावर छापलेले स्क्रीनशॉट न्या, लिंक टाइप करून न्या. हाताने लिहिलेल्या लिंकमध्ये एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात.

कायद्यात हा गुन्हा आहे का?

आहे. आयटी कायदा २००० चं कलम ६६सी ओळख चोरण्याबद्दल, कलम ६६डी संगणक किंवा फोन वापरून सोंग घेऊन फसवण्याबद्दल. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयागिरी करून फसवणं हे कलम ३१९ मध्ये येतं, तिथे कैद पाच वर्षांपर्यंत. पाठलाग कलम ७८, खंडणी कलम ३०८. काहीजण अजून ६६ए चं नाव घेतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं आहे.

मग टोपणनावाने खातं काढणंही गुन्हा?

नाही. टोपणनावाची परंपरा मराठीला नवीन नाही. कोणाचा चेहरा किंवा नाव चोरलेलं नसेल आणि कोणाला फसवलेलं नसेल तर टोपणनाव म्हणजे गुन्हा नव्हे. फेसबुक रोजच्या वापरातलं नाव मागतं, पण तो त्यांचा नियम. पंचायतीवर टीका करणारं निनावी पेजही आपोआप 'फेक' ठरत नाही. गावातल्या एका पंचाने असं पेज 'उडवून द्या' म्हणून मला गळ घातली होती. मी झेरॉक्सचे पैसे घेतले आणि विषय बदलला.

मुलीच्या फोटोचं काहीतरी घाणेरडं करून खोटं खातं काढलंय. तो आणखी फोटो मागतोय.

पहिली गोष्ट, मुलीवर ओरडू नका. फोन काढून घेऊ नका. तिने सांगितलं ही मोठी गोष्ट आहे. दुसरी, त्याला पैसे देऊ नका, फोटो देऊ नका, विनवण्या करू नका. एकदा दिलं की मागणं वाढतं. पुरावा जपा, मग ब्लॉक.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा लागू होऊ शकतो, म्हणून सरळ पोलीस. ११२ किंवा बालकांसाठीची १०९८ हेल्पलाइन रात्रीही चालते. फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' ही अल्पवयीनांसाठीची मोफत सेवा आहे, अठरा पूर्ण असलेल्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय'. दोन्हींत फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात.

व्हिडिओ कॉलवर समोरून कोणी कपडे काढून तुमचं रेकॉर्डिंग केलं आणि मग 'पोलीस अधिकाऱ्याचा' फोन आला, हा प्रकार पुरुषांच्या बाबतीत जास्त होतो आणि लाजेने दाबला जातो. उपाय तोच. पैसे द्यायचे नाहीत.

कोण आहे ते आम्हाला माहीत आहे. वर्गातलाच मुलगा. त्याचं नाव टाकून पोस्ट करू का?

नको. संशय खरा असला तरी पुरावा कंपनीकडे आणि पोलिसांकडे आहे, तुमच्याकडे नाही. चुकलात तर बदनामीची तक्रार तुमच्यावर. शिवाय तो सावध होऊन सगळं पुसतो. नाव तक्रारअर्जात लिहा, संशयित म्हणून. तोही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पोस्टवर त्याचं नाव टाकणं तर मुळीच नको.

वडील वारले. त्यांच्या नावाने आता रिक्वेस्ट येतायत.

असल्या मेसेजने घर पुन्हा हलतं, मी पाहिलंय. नकली खातं आधी रिपोर्ट करा, मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. वडिलांचं खरं खातं फेसबुकवर स्मृतिखातं करून घेता येतं, किंवा जवळच्या नातेवाइकाला ते बंद करायला सांगता येतं. स्मृतिखात्यात नावाजवळ तशी खूण दिसते आणि त्यात कोणी लॉगिन करू शकत नाही. ओळखीच्यांना एक मेसेज टाकून ठेवा की आलेली रिक्वेस्ट घेऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

मित्रयादी 'ओन्ली मी' करा. नकली खातं काढणाऱ्याला तुमचा फोटो नको असतो, तुमची माणसं हवी असतात, आणि ती यादी बहुतेकांनी उघडी ठेवलेली असते. फेसबुकवर भारतात २०२० पासून प्रोफाइल लॉक करता येतं, तेही करा. वाढदिवसाचं साल आणि फोन नंबर लपवा. घरातल्या मोठ्यांचे फोन एखाद्या रविवारी जेवणानंतर घेऊन बसा, दहा मिनिटांचं काम आहे. काकीचं मी केलं. तिने मित्रयादीत कोण कोण आहे ते त्यानिमित्ताने पहिल्यांदाच वाचलं आणि मला विचारलं, "हे एवढे लोक कोण रे?"